तेरा हा आकडा आला कुठून? ५१२ बाइटांच्या मर्यादेचा इतिहास

१.
समाजमाध्यमांवर एक विधान दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. जगाचे सारे इंटरनेट अवघ्या १३ यंत्रांवर चालते, त्यांपैकी १० अमेरिकेच्या हाती आहेत आणि भारताच्या वाट्याला एकही आलेले नाही, असा त्याचा आशय असतो. यातला १३ हा आकडा खरा आहे. १० हा आकडाही खरा आहे. ‘यंत्रे’ हा शब्द मात्र चुकीचा आहे. आणि तेराच का, याचे मूळ उत्तर राजकारणात सापडत नाही. ते संगणकांच्या परस्परांतील निरोपांवर घातलेल्या ५१२ बाइटांच्या एका मर्यादेत सापडते. त्या मर्यादेचा, तिच्याभोवती काढलेल्या वाटांचा आणि राजकारण त्यात नेमके कुठे शिरले याचा हा आढावा.

२.
नेटवर्कवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. १९७० च्या दशकात अर्पानेटवरील नावे आणि पत्ते एकाच यादीत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती यादी सांभाळली जाई आणि बाकीचे संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणक शेकड्यांत होते तोवर ही व्यवस्था पुरली. पुढे यादी फुगत गेली, प्रती हातात पडेपर्यंत शिळ्या होऊ लागल्या आणि एका कार्यालयाने साऱ्या नेटवर्कची नावनोंदणी करणे अशक्य झाले.

३.
१९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यावर उपाय मांडला. तीच आजची डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था. तिच्यात सगळी माहिती एका जागी नसते. सर्वांत वर ‘रूट’. त्याच्याखाली डॉट कॉम, डॉट इन यांसारखे विभाग. त्यांच्याखाली पुढची नावे. वरचा खालच्याचा ठावठिकाणा सांगतो आणि शोधणारा पायरी पायरीने उतरत जातो. इंटरनेटचे तांत्रिक नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात. नोव्हेंबर १९८७ मधील आरएफसी १०३४ आणि १०३५ हे या व्यवस्थेचे पायाभूत दस्तऐवज आजही लागू आहेत.

४.
डीएनएसचा प्रश्न आणि उत्तर कशातून पाठवायचे, हा पुढचा मुद्दा होता. दोन साधने हाताशी होती. टीसीपी हे दूरध्वनीसारखे: आधी जोडणी, मग संभाषण, शेवटी निरोप. यूडीपी हे पोस्टकार्डासारखे: लिहिले आणि टाकले, पोहोच मिळण्याची हमी नाही. नावावरून पत्ता विचारणे हे क्षणाचे काम. त्यासाठी दरवेळी जोडणी उभारणे म्हणजे वेळ आणि यंत्राची स्मृती या दोहोंची उधळपट्टी. म्हणून नेहमीच्या प्रश्नोत्तरांसाठी पोस्टकार्ड निवडले गेले. पोस्टकार्ड म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: त्यावर मजकूर किती मावणार?

५.
याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले होते. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचा नियम आहे की प्रत्येक संगणकाने निदान ५७६ बाइटांचे पॅकेट स्वीकारलेच पाहिजे. त्याचा हिशेबही तिथेच दिला आहे: ५१२ बाइट मजकुरासाठी आणि ६४ बाइट पत्ता वगैरे आवश्यक नोंदींसाठी. त्याहून मोठे पॅकेट समोरच्याला पेलेलच, याची खात्री कुणी देत नव्हते. डीएनएसच्या रचनाकारांनी हमी असलेला आकडा उचलला. यूडीपीवरील डीएनएस संदेश ५१२ बाइटांपेक्षा मोठा असणार नाही, हे आरएफसी १०३५ मध्ये स्पष्ट शब्दांत नोंदवले गेले.

६.
उत्तर त्यात मावले नाही तर? त्याचीही तरतूद होती. संदेशाच्या शीर्षभागात एक बिट राखून ठेवला होता. उत्तर कापले गेले की तो बिट १ होई. विचारणाऱ्याला कळे की हाती आलेले उत्तर अपुरे आहे, आणि तो तोच प्रश्न टीसीपीवरून पुन्हा विचारून पूर्ण उत्तर मिळवी. या रचनेतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत: मर्यादा लिहिलेली होती, ती ओलांडली गेल्याची सूचना लिहिलेली होती आणि पर्यायी वाटही लिहिलेली होती. पुढच्या चाळीस वर्षांतल्या बहुतेक अडचणी यांपैकी एखादी गोष्ट गळाल्यामुळे उभ्या राहिल्या.

७.
पहिली कसोटी रूटवरच आली. कुठलाही शोधक संगणक सुरू झाला की तो रूट सर्व्हरांची ताजी यादी मागवतो. ती यादी, नावे आणि पत्त्यांसह, एकाच ५१२ बाइटांच्या उत्तरात मावणे इष्ट होते. १९९५ पर्यंत रूट सर्व्हर ९ झाले होते आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या यजमान संस्थेवरून पडलेले होते: एक मेरीलँड विद्यापीठाच्या नावावर, एक नासाच्या, एक उत्तर युरोपातील संशोधन नेटवर्कच्या. सगळी नावे वेगवेगळ्या घराण्यांतली, त्यामुळे प्रत्येक नाव पूर्ण लिहावे लागे. इंटरनेट वाढत होते, आणखी सर्व्हर हवे होते आणि पोस्टकार्डावर जागा उरली नव्हती.

८.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सर्वांना ठाऊक असते. इथे पाय आखडले गेले नाहीत. अंथरुणाची घडी बदलली गेली. डीएनएसमध्ये एक सोय होती: एखादे नाव संदेशात एकदा येऊन गेले असेल तर ते पुन्हा न लिहिता ‘अमुक जागी पाहा’ असा दोन बाइटांचा दर्शक लिहिता येतो. या सोयीचा पूर्ण लाभ घेण्यासाठी १९९५ साली सगळ्या रूट सर्व्हरांची नावे एकाच आडनावाखाली आणली गेली: ए डॉट रूट-सर्व्हर्स डॉट नेट, बी डॉट रूट-सर्व्हर्स डॉट नेट, याप्रमाणे. आडनाव एकदाच लिहायचे. पुढच्या प्रत्येकासाठी एक अक्षर आणि एक दर्शक पुरे.

९.
हिशेब कुणालाही मांडून पाहता येईल. शीर्षभाग आणि प्रश्न मिळून १७ बाइट. पहिल्या सर्व्हरच्या नावाची नोंद ३१ बाइट, कारण तिच्यात पूर्ण आडनाव येते. पुढच्या बारा नावांच्या नोंदी प्रत्येकी १५, म्हणजे १८०. तेरा पत्त्यांच्या नोंदी प्रत्येकी १६, म्हणजे २०८. एकूण ४३६ बाइट. उरले ७६. एका वाढीव सर्व्हरला ३१ बाइट लागतात, म्हणजे काटेकोर गणिताने आणखी दोन बसले असते. पण पाकीट काठोकाठ न भरता थोडी जागा राखून ठेवणे शहाणपणाचे होते. तेरावर थांबण्यामागे एवढेच साधे गणित होते.

१०.
नव्या नावांमुळे चार जागा मोकळ्या झाल्या. १९९७ मध्ये त्या भरल्या गेल्या, तेव्हा इंटरनेटच्या क्रमांकांचा कारभार जॉन पोस्टेल यांच्याकडे होता. ‘के’ हे अक्षर लंडनला गेले, ‘एम’ टोकियोला. उरलेली दोन अमेरिकेतच राहिली. ‘आय’ हे अक्षर स्टॉकहोममध्ये आधीपासून होते. ऑक्टोबर १९९८ मध्ये पोस्टेल यांचे निधन झाले. त्यानंतर नवे अक्षर कुणालाही मिळालेले नाही. आजही १३ अक्षरे १२ संस्थांकडे आहेत आणि त्यांपैकी १० अक्षरे अमेरिकी संस्थांच्या हाती आहेत. फिरत्या विधानातला खरा भाग तो हाच.

११.
आता ‘यंत्रे’ या चुकीच्या शब्दाकडे. ऑक्टोबर २००२ मध्ये तेराही रूट सर्व्हरांवर एकाच वेळी बनावट संदेशांचा मारा झाला आणि तेरा पत्ते म्हणजे तेरा ठिकाणे राहू नयेत हे सर्वांना पटले. ‘एनीकास्ट’ ही पद्धत त्यानंतर वेगाने पसरली. तिच्यात एकच पत्ता जगभरातील अनेक ठिकाणांहून जाहीर केला जातो आणि नेटवर्क प्रत्येक प्रश्न मार्गाच्या दृष्टीने जवळच्या प्रतीकडे नेते. पोस्टकार्डावरची अक्षरे तेराच राहिली. त्यामागची ठिकाणे आज पंधराशेहून अधिक आहेत. त्यांपैकी काही भारतात आहेत, मुंबईतही आहेत. मुंबईतल्या वापरकर्त्याचा रूटला विचारलेला प्रश्न समुद्र ओलांडून जायलाच हवा, असे आता मुळीच नाही.

१२.
इथवरची कथा यशाची आहे. मर्यादा कायम ठेवून, जगातल्या एकाही जुन्या संगणकाला हात न लावता, काम कितीतरी पटींनी वाढवले गेले. परंतु ५१२ बाइट कायमचे पुरणार नव्हते. आयपीव्ही६ चे पत्ते चौपट लांब. तेराही अक्षरांना असे पत्ते दिल्यावर रूट यादीचे उत्तर ८११ बाइटांवर जाते. त्याहून मोठा भार डीएनएसेकचा होता. उत्तर खरे आहे, वाटेत कुणी बदललेले नाही, हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येक उत्तरासोबत गणिती सही जोडायची. आणि सह्या व त्यांच्या किल्ल्या शेकडो बाइट खातात.

१३.
त्यासाठी ऑगस्ट १९९९ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी ईडीएनएस हा विस्तार मांडला. त्याची कल्पना जुन्या रचनेच्या वृत्तीशी प्रामाणिक होती. प्रश्न विचारणाऱ्याने सोबत एक छोटी नोंद जोडायची: अमुक बाइटांपर्यंतचे उत्तर स्वीकारता येईल. उत्तर देणाऱ्याला ती नोंद समजली तर तो मोठे पाकीट पाठवील; समजली नाही तर तसे कळवील आणि व्यवहार ५१२ वर होईल. कुणावर सक्ती नाही, कुणाची अडवणूक नाही. मर्यादा आता जगासाठी एकच राहिली नाही, दोन पक्षांनी जाहीरपणे ठरवलेली झाली. कागदावर यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

१४.
खोट होती ती दोन पक्षांच्या मधल्या वाटेत. १९९९ पर्यंत इंटरनेटच्या वाटेवर फायरवॉल नावाचे पहारेकरी उभे राहिले होते. त्यांतल्या अनेकांच्या रचनेत ५१२ हा आकडा कायमचा कोरलेला होता. त्याहून मोठे डीएनएस उत्तर दिसले की ते संशयित ठरवून टाकून दिले जाई. टीसीपीच्या वाटेचेही तसेच. १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये यूडीपी ‘आवश्यक’ आणि टीसीपी ‘असावे’ असे शब्द होते. ‘असावे’चा अर्थ अनेकांनी ‘नसले तरी चालेल’ असा लावला आणि ती वाट बंद करून टाकली. मूळ रचनेतली पर्यायी वाट अशी एका सौम्य शब्दातून हरवली.

१५.
पहारेकऱ्याने पाकीट अडवणे ही मोठी आपत्ती नव्हती. अडवल्याचे न सांगणे ही होती. ५१२ ची मर्यादा ओलांडली गेली की कापलेल्या उत्तरासोबत तसा बिट येई. फायरवॉलने टाकून दिलेल्या पाकिटाबाबत काहीच येत नसे. विचारणारा वाट पाहत बसे. पाकीट वाटेत हरवले, की पलीकडचा सर्व्हर बंद आहे, की मधे कुणी ते गिळले, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नव्हते. वापरकर्त्याच्या पडद्यावर या तिन्हींचे रूप एकच: पान उघडत नाही.

१६.
मग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी सौजन्याचा मार्ग धरला. उत्तर आले नाही तर कमी आकार मागून पुन्हा विचारायचे. तरी नाही आले तर ईडीएनएसची नोंदच काढून विचारायचे. कुठला सर्व्हर कशाने रुसतो हे लक्षात ठेवायचे. प्रत्येक उपाय त्या क्षणी उपयोगी होता. एकूण परिणाम उलटा झाला. सदोष यंत्रांच्या मालकांना दोष जाणवलाच नाही, कारण पलीकडचे लोक तो निस्तरत होते. रोग हाल्याला आणि इलाज पखालीला, अशी गत झाली. नियम पाळणाऱ्यांचे सॉफ्टवेअर गुंतागुंतीचे, मंद आणि नाजूक होत गेले. न पाळणारे निर्धास्त राहिले.

१७.
या धास्तीचे मोजमाप २०१० मध्ये दिसले. रूटवर डीएनएसेकची सही करायची होती, पण मोठी उत्तरे पाहून जगातले किती पहारेकरी बिथरतील हे कुणालाही आधी सांगता येत नव्हते. म्हणून सुरुवातीला मुद्दाम पडताळता न येणारी सही घातली गेली आणि तीही एकेका अक्षरावर: जानेवारीत ‘एल’पासून आरंभ, ५ मे रोजी ‘जे’वर समाप्ती. इतक्या सावधपणे पुढे गेल्यामुळे मोठा अनर्थ झाला नाही, आणि १५ जुलै २०१० रोजी खरी सही लागू झाली. अकरा वर्षांपूर्वी लिहिला गेलेला विस्तार वापरताना एवढी सावधगिरी लागावी, यातच न लिहिलेल्या मर्यादांची किंमत दिसते.

१८.
नियम पाळणाऱ्यांचीही एक चूक होती. अनेक वर्षे ४०९६ बाइट हा ईडीएनएसचा प्रचलित आकडा होता. तो जाहीर करणाऱ्याने आपल्या घराचे दार मोजले होते. गल्ली मोजली नव्हती. इथरनेटवर पॅकेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइट. त्याहून मोठे उत्तर वाटेत तुकड्यांत जाते आणि पलीकडे जोडले जाते. अशा तुकड्यांचे धोके क्रिस्टोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी १९८७ सालीच एका गाजलेल्या निबंधात मांडले होते. एक तुकडा हरवला की सगळे उत्तर वाया जाते, आणि तुकडे दिसले की टाकून देणारे पहारेकरीही थोडे नव्हते.

१९.
तुकड्यांमुळे बनावटगिरीलाही वाव मिळाला. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी डीएनएस उत्तरे खोटी घुसवण्याचा सोपा मार्ग उघड केल्यावर प्रत्येक प्रश्नाला अंदाज बांधता न येणारे पोर्ट क्रमांक देण्याचा उपाय झाला. पण उत्तराचे तुकडे पडले की हे ओळखक्रमांक फक्त पहिल्या तुकड्यात असतात. दुसरा तुकडा खोटा बनवून चिकटवणे तुलनेने सोपे ठरते, हे आमिर हर्झबर्ग आणि हाया शुलमन यांच्या संशोधनाने दाखवले. बँकेच्या संकेतस्थळाचे नाव लिहून भलत्याच पत्त्यावर पोहोचण्याचा धोका आकाराच्या प्रश्नाशी असा थेट जोडलेला आहे.

२०.
मोठ्या पाकिटाची आणखी एक किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली. यूडीपीच्या पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. हल्लेखोर काही दशक बाइटांचा प्रश्न दुसऱ्याच्या नावाने विचारतो आणि हजारो बाइटांचे उत्तर त्या दुसऱ्यावर जाऊन आदळते. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर झालेल्या अशा हल्ल्याचा वेग सेकंदाला ३०० गिगाबिटांच्या घरात असल्याचे तेव्हा सांगितले गेले. ५१२ ची जुनी मर्यादा गैरसोयीची होती, पण ती कळत-नकळत एक संरक्षणही होती. मर्यादा हटवताना ती कुणाला वाचवत होती हे पाहायचे राहून गेले.

२१.
शेवटी सौजन्य संपवण्याचा निर्णय झाला. डीएनएसची प्रमुख सॉफ्टवेअरे बनवणाऱ्यांनी आणि मोठ्या सार्वजनिक सेवा चालवणाऱ्यांनी मिळून १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख जाहीर केली: त्या दिवसापासून ईडीएनएसच्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या सर्व्हरांसाठी केलेली जुनी रदबदली काढून टाकली जाईल. आपला सर्व्हर तपासून पाहण्याची सोय आधीच देण्यात आली होती. पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर २०२० रोजी, आकाराचा प्रश्न हाती घेतला गेला. सुचवलेला आकडा १२३२. आयपीव्ही६ ची किमान हमी १२८० बाइट; त्यातून ४० आणि ८ बाइटांचे दोन शीर्षभाग वजा केले की १२३२ उरतात. त्याहून मोठ्या उत्तरासाठी टीसीपी.

२२.
वाचकाच्या ध्यानात आले असेल की ही वाट १९८७ च्याच आराखड्याकडे वळते: हमी असलेला लहान आकडा, कापल्याची सूचना आणि टीसीपीचा पर्याय. मार्च २०१६ च्या आरएफसी ७७६६ ने टीसीपी ऐच्छिक नाही हे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले होते. तरीही लिनक्सवर, विशेषतः कंटेनरांत, मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ‘मसल’ या लहान ग्रंथालयाच्या नावशोधकात टीसीपीची वाट आली ती २०२३ मध्ये. तोवर कापलेल्या उत्तरात जे पत्ते हाती येतील त्यांवर भागवले जाई, आणि लांब उत्तरांच्या नावांशी जोडणी होत नाही म्हणून प्रोग्रामर कोड्यात पडत.

२३.
यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. सुरुवातीलाच मोठा आकडा घेतला असता तर हा सारा खटाटोप टळला नसता का? टळला नसता. १९८० च्या दशकातल्या यंत्रांच्या स्मृतीला आणि संथ जोडण्यांना मोठे पाकीट पेलले नसते. आणि उद्या त्या मोठ्या आकड्याचीही अडचण झालीच असती. कोणतीही मर्यादा कधी ना कधी तोकडी पडते. ती तोकडी पडल्यावर काय होते, हा खरा प्रश्न आहे. लिहिलेली मर्यादा माणसाला गणित मांडू देते. ४३६ बाइटांत तेरा नावे बसवू देते. न लिहिलेली मर्यादा फक्त शंका आणि रात्रीची जागरणे देते.

२४.
मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण पाहायचे असेल तर ते डॉट भारतमध्ये आहे. जुन्या नियमांनुसार संगणकांच्या नावांत रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच चालत आणि एका खंडाला ६३ बाइटांची मर्यादा होती. २००३ मध्ये ठरलेल्या प्युनीकोड पद्धतीने इतर लिप्यांतली नावे याच अक्षरांत बसवली. ‘भारत’ हा शब्द वाटेत ११ रोमन चिन्हांच्या रूपात प्रवास करतो आणि जुन्या सर्व्हरांना काहीच बदलावे लागत नाही. २०१४ पासून देवनागरीतील डॉट भारत उपलब्ध आहे. लिहिलेली मर्यादा अशी ओलांडली गेली. पण देवनागरी पत्ता पाहताच तो ‘अवैध’ ठरवणारे अर्ज आजही आढळतात. ती अट कोणत्याही नियमात लिहिलेली नाही, म्हणूनच ती हटवणे अवघड जाते.

२५.
आता पुन्हा तेराकडे. ५१२ ची अट सैल होऊन बराच काळ लोटला. रूट यादीचे सध्याचे ८११ बाइट १२३२ मधून वजा केले आणि नव्या अक्षराला, आयपीव्ही६ पत्त्यासह, ५९ बाइट धरले, तर सहीविना उत्तरात आणखी सात अक्षरांना जागा आहे. सहीचा भार धरला तर ती कमी होते, पण शून्य होत नाही. तरी अक्षरे तेराच आहेत आणि ती बहुतांशी तेव्हाच्याच संस्थांकडे किंवा त्यांच्या वारसदारांकडे आहेत. नवी संस्था कशी निवडावी, अकार्यक्षम संस्थेला कसे वगळावे, याची लिखित पद्धत पोस्टेल यांच्या पश्चात दोन दशके अस्तित्वातच नव्हती. रूट सर्व्हर चालकांच्या सल्लागार समितीने अशा पद्धतीचा आराखडा जून २०१८ मध्ये मांडला. त्यावरची चर्चा पुढे वर्षानुवर्षे लांबली.

२६.
म्हणजे पोस्टकार्डाची मर्यादा गेली आणि तिच्या सावलीत तयार झालेली सभासदांची मर्यादा मागे राहिली. पहिली तांत्रिक होती आणि लिहिलेली होती. तिच्याभोवती वाट निघाली. दुसरी राजकीय आहे आणि लिहिलेली नाही. ती अजून तशीच आहे. एनीकास्टमुळे व्यवहारातली अडचण उरली नाही, असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारला जातो. मुंबईतली प्रत प्रश्नांची उत्तरे देते हे खरे. पण त्या अक्षराचा कारभार कसा चालावा याचा निर्णय त्या अक्षराची संस्था घेते, प्रतीचे यजमान घेत नाहीत.

२७.
म्हणूनच त्या फिरत्या विधानातला राग चुकीच्या पत्त्यावर जातो. भारताला चौदावे यंत्र मिळावे, ही मागणी यंत्रांच्या हिशेबाने निरर्थक आहे. प्रती हव्या तितक्या उभारता येतात. रास्त मागणी वेगळी आहे: अक्षरे कुणाला, कोणत्या कसोटीवर आणि किती काळासाठी, हे कागदावर यावे; नाकारले तर कारण द्यावे. १९८७ च्या अभियंत्यांनी ५१२ बाइटांच्या पोस्टकार्डावरही एक बिट केवळ ‘उत्तर अपुरे आहे’ हे सांगण्यासाठी राखून ठेवला होता. इंटरनेटच्या कारभाराकडून तेवढ्याच सरळपणाची अपेक्षा करणे अवाजवी नाही.